आडोसा आणि निवारा

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा पाचवीतील एका मुलाचे वडील त्याला वसतिगृहात सोडण्यासाठी आले होते. वाळूज औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारे आणि रांजणगाव शेणपुंजीत भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे हे गृहस्थ. प्रवेशपत्रावर सही करण्यासाठी त्यांनी पेन हाती घेतले, तेव्हा दोन्ही तळहातांवरची कातडी सोललेली दिसली. विचारले, तर हसून म्हणाले, "सर, मागल्या आठवड्यात वारं सुटलं ना, तवा पत्रा उचलाया लागला. मी अन् पोराची आई, दोघंबी अँगलला लोंबकळलो. पोराला खाटेखाली ढकललं. पत्रा काही जाऊ दिला नाही, हात तेवढे सोलले."

त्यांच्या स्वरात अभिमान होता आणि तो रास्तही होता. संसाराचे छत त्यांनी अक्षरशः हातांनी धरून ठेवले होते. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. वादळ आले असता या कुटुंबाला त्या खोलीबाहेर जाण्यासारखी एकही जागा का नव्हती? त्यांच्या खोलीपासून काही मिनिटांच्या अंतरावर काँक्रीटच्या किती तरी पक्क्या इमारती उभ्या होत्या. त्यांत शाळा होत्या, बँका होत्या, कारखान्यांच्या कचेऱ्या होत्या. त्यांपैकी एकीचेही दार त्यांच्यासाठी उघडे आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने वाऱ्यावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण निवारा हा विषय इतिहासाचाही आहे, हे पुढे दिसेलच.

मराठीत दोन शब्द आहेत, आडोसा आणि निवारा. बोलण्यात आपण ते सरमिसळ वापरतो. आडोसा म्हणजे ऊनपावसाच्या आणि आपल्या मध्ये आलेली कोणतीही वस्तू. ती भिंत असेल, झाड असेल, पत्रा असेल. निवाऱ्यात मात्र निवारण अभिप्रेत आहे. संकट तेथे थोपविले जाते. वादळात माणसे मरतात, ती पुष्कळदा उघड्यावर नव्हे, तर आडोशाला निवारा समजून त्याखाली उभी राहिल्यामुळे मरतात.

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस या गावी हेच घडले. रविवारची संध्याकाळ होती. मंदिराच्या आवारात भाविक जमले होते. वादळी वारा आणि पाऊस सुरू झाला, तसे लोक पत्र्याच्या शेडखाली दाटीने उभे राहिले. शेजारचे कडुलिंबाचे जुने झाड मुळासकट उन्मळून त्या शेडवर कोसळले आणि सात माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपरला धुळीचे वादळ उठले आणि १२० फूट बाय १२० फूट आकाराचा जाहिरातफलक पेट्रोलपंपावर पडला. सतरा जणांचे प्राण गेले. पाऊस आला म्हणून पंपाच्या छताखाली थांबलेलेही त्यांत सापडले. एवढ्या मोठ्या फलकाला परवानगीच नसते, हे नंतर सर्वांना कळले. पारस येथे आडोशाच्या डोक्यावर झाड होते, घाटकोपरला फलक होता. दोन्हीकडे माणसांनी केले ते स्वाभाविकच होते. अशा वेळी जायचे कोठे, हे मात्र आधी कोणी ठरवून ठेवलेले नव्हते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात शयनासनाविषयी एक प्रकरण आहे. आरंभी भिक्खू झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीत राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिले आणि विहार बांधून दिले तर चालतील का, असे विचारले. तथागतांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिली. या निवाऱ्यांना पालीत 'लेण' असा शब्द आहे. त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवारे उभे केले, असे तेथे म्हटले आहे. त्या दानाचे अनुमोदन करताना भगवंतांनी जी कारणे सांगितली, ती विलक्षण व्यावहारिक आहेत. निवाऱ्याने थंडी आणि उष्णता अडते, श्वापदे, साप आणि डास अडतात, पाऊस अडतो आणि भयंकर तापलेला वारा अडतो. ध्यान आणि चिंतन यांचा उल्लेख त्यानंतर येतो. आधी देह सुरक्षित, मग चित्ताची साधना, असा हा क्रम आहे.

तो 'लेण' शब्द आपल्या 'लेणी' या शब्दात आजही जिवंत आहे. आपल्या जिल्ह्यातील अजिंठा, वेरूळ, पितळखोरा आणि विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबादची लेणी आपण कला म्हणून पाहतो. मुलांना सहलीला नेतो, तेव्हा मी त्यांना प्रथम छताकडे पाहायला सांगतो. हे छत उडत नाही. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, या वर्षावासाच्या नियमातून या वास्तू वाढल्या. पितळखोऱ्याच्या स्तंभांवर कोरलेली दात्यांची नावे वाचली, तर तेथे पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्याचा मित्रदेव आढळतो. त्याने एक स्तंभ दिला. कोणाला सगळे लेणे परवडत नसे, म्हणून कोणी खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले. माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे मी त्यांच्याकडे काही मागणार आहे.

आता वाऱ्याकडे वळू. ज्याला जगभर टोर्नेडो म्हणतात, तो ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरणारा, सोंडेसारखा फिरणारा हवेचा स्तंभ होय. तो अमेरिकेच्या मध्यभागात सर्वाधिक होतो. आपल्या उपखंडात त्याचा खरा धोका बंगालच्या बाजूला आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर आणि साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसे मेली, असे मानले जाते, आणि ज्ञात इतिहासातील तो सर्वांत प्राणघातक टोर्नेडो आहे. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपाईगुडीला तशाच वादळाने काही मिनिटांत घरे भुईसपाट केली. मराठवाड्यात तो विरळाच. उन्हाळ्यात रस्त्यावर कागद नि पाला फिरविणारी वावटळ म्हणजे टोर्नेडो नव्हे. ती तापलेल्या जमिनीतून वर उठते, ढगातून खाली येत नाही.

आपल्याकडचा शत्रू निराळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वेगाने वर चढते, चार-पाच वाजेपर्यंत काळा ढग डोंगरासारखा उभा राहतो. त्या ढगात पाऊस आणि गारा तयार झाल्या की त्यांच्यासोबत थंड हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. पावसाच्या आधी एकदम गार वारा सुटतो, धूळ उठते, तो हाच. हा लोंढा काही मिनिटेच टिकतो, पण तेवढ्यात शेड, खांब, झाडे आडवी करतो. टोर्नेडो आणि हा लोंढा यांच्या जातकुळी वेगळ्या असल्या, तरी त्यांच्यापासून बचावाचे तत्त्व एकच आहे. मिनिटांच्या अवधीत जवळच्या भक्कम जागेत पोहोचावे लागते.

त्या पालकांच्या हातांचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. ताशी ७० किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर ढोबळमानाने २३ किलो एवढा जोर लावतो. दहा फूट बाय दहा फूट खोलीचे छत नऊ चौरस मीटरांहून थोडे अधिक भरते. म्हणजे त्या छताला वर खेचणारा जोर दोनशे किलोंहून अधिक झाला. पत्र्याचे स्वतःचे वजन पन्नास किलोंच्या आतबाहेर असते. नवरा-बायको मिळून शंभर-सव्वाशे किलो धरा. म्हणजे त्या दिवशीचा वारा ताशी ७० किलोमीटरही नसावा, नाहीतर ते दोघे पत्र्यासह उचलले गेले असते. बांधकामासाठीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) आपल्या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाला हाच जोर साडेआठशे किलोंच्या वर जातो. आठवी-नववीच्या मुलांकडून मी हे गणित वर्गात करवून घेतो. उत्तर आले की वर्ग शांत होतो, कारण निम्म्या मुलांची घरे पत्र्याची असतात.

याच हिशेबातून पत्र्यावर दगड ठेवण्याच्या आपल्या जुन्या सवयीचा फोलपणा ध्यानात येतो. पंधरा-वीस किलोंचा दगड पत्रा धरून ठेवत नाही. पत्रा उडाला की तो दगड खालच्या माणसावर पडतो. तीच गोष्ट अँगलला बांधलेल्या पाळण्याची. छत उचलले, तर झोळीतले लेकरूही उचलले जाईल. वारा वाढताच पहिल्यांदा लेकराला पाळण्यातून काढावे, दगडांऐवजी पत्रा हुक बोल्टने अँगलला आवळावा, आणि अँगल भिंतीत नुसता टेकलेला नसून काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेला आहे का, ते पाहावे. कडेच्या ओळीत बोल्ट अधिक लावावेत, कारण वारा पत्र्याला कडेकोपऱ्यांतूनच आधी उचकटतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा निघून जाईल आणि घर वाचेल, असा एक समज आहे. तो अमेरिकेतही पूर्वी होता. वस्तुतः आत शिरलेला वारा छताला आतून वर ढकलतो. म्हणून दारे-खिडक्या बंदच ठेवाव्यात.

जाता जाता एक नोंद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यात किती तरी लोकांनी धसका घेऊन अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि तेथे झोपू लागले. भूकंप जड आणि सैल घर पाडतो, वारा हलके आणि सैल घर उडवितो. दोन्हींत सैलपणाच घात करतो. पाया, भिंत आणि छत एकमेकांना नीट बांधलेले घर दोन्ही संकटांत टिकण्याची शक्यता अधिक असते. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या हाती हे नसते आणि घरमालक बोल्टचा खर्च क्वचितच करतो. म्हणून प्रश्न घरापाशी न थांबता सामायिक निवाऱ्यापर्यंत जातो.

अमेरिकेत यावर बराच विचार झाला, तोही अनेक बळी गेल्यानंतर. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील मूर या गावावर टोर्नेडो आला. तो जमिनीला टेकण्याच्या सुमारे १६ मिनिटे आधी इशारा मिळाला होता. दुपारची वेळ होती, शाळा भरलेल्या होत्या. तेथील एका प्राथमिक शाळेत सात मुले मृत्युमुखी पडली. त्या शाळेत वादळनिवारा नव्हता. इशारा मिळूनही जाण्याजोगी जागा नसणे, हे त्या मुलांचे आणि रांजणगावच्या आपल्या पालकांचे दुःख एकाच जातीचे आहे. पुढे टोर्नेडोच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात नव्या शाळांमध्ये असा निवारा असावाच, अशी तरतूद २०१५ च्या आदर्श इमारत संहितेत आली. हा निवारा म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. तळमजल्यावर किंवा जमिनीखाली, खिडकी नसलेली, पायाशी पक्की जखडलेली, भिंती आणि छत दोन्ही लोखंड घातलेल्या काँक्रीटचे असलेली ती एक खोली असते. तिच्या भिंतीवर आणि दारावर सुमारे ७ किलोंची लाकडी फळी ताशी १६० किलोमीटर वेगाने आदळवून ती पारखली जाते, कारण वाऱ्यासोबत जे उडत येते, तेच अधिक मारते. तेथे प्रत्येक माणसामागे निदान पाच चौरस फूट जागा धरतात. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीसाठी दुप्पट. म्हणजे वीस फूट बाय वीस फूट वर्गखोलीत थोडा वेळ बसण्यापुरती ऐंशी माणसे मावतात. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कारखान्यांची दोन उदाहरणे आपल्या वसाहतीला अधिक जवळची वाटतील. १३ जुलै २००४ रोजी इलिनॉय राज्यातील रोआनोक गावाजवळ यंत्रभाग बनविणारा एक कारखाना टोर्नेडोने पार उद्ध्वस्त केला. आत सुमारे दीडशे कामगार होते. एकही दगावला नाही. मालकाने इमारत बांधतानाच स्वच्छतागृहे जाड काँक्रीटची, छतासह, निवारा म्हणून बांधून घेतली होती आणि कामगारांकडून तेथे पोहोचण्याचा नियमित सराव करून घेतला जात असे. स्वच्छतागृह तर कोठेही बांधावेच लागते. तेच थोडे भक्कम बांधले, एवढाच फरक. याउलट १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकी राज्यातील मेफिल्ड येथे मेणबत्त्यांच्या कारखान्यावर टोर्नेडो कोसळला आणि नऊ कामगार मेले. नाताळच्या मागणीसाठी रात्रपाळी सुरू होती. घरी जाण्याची परवानगी मागितली असता नोकरी जाईल असे सांगण्यात आले, अशी तक्रार वाचलेल्या काही कामगारांनी नंतर केली. व्यवस्थापनाने ती नाकारली. सत्य काय ते तेथील न्यायालये पाहतील. परंतु वादळाच्या वेळी काम थांबविण्याचा निर्णय कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न वाळूजच्या कोणत्याही रात्रपाळीत विचारण्यासारखा आहे. आग लागली तर कोठे जमायचे, याच्या पाट्या आपल्या कारखान्यांत असतात. वारा आला, तर बहुतेक ठिकाणी तीच पाटी लोकांना उघड्या मैदानात, झाडाखाली नेऊन उभी करील. शेडमध्ये काम करणाऱ्यांना कॅन्टीन किंवा कचेरीच्या स्लॅबच्या इमारतीत जाण्याची मुभा, शटर वेळेवर ओढणे आणि पत्र्यांचे बोल्ट मार्चमध्येच तपासणे, यांना काही फार खर्च येत नाही. आपले अनेक माजी विद्यार्थी आज या कंपन्यांत सुपरवायझर आहेत, सुरक्षा विभागात आहेत, संघटनेच्या कामात आहेत. त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत काढावा.

सामायिक निवाऱ्याचा सर्वांत मोठा भारतीय दाखला ओडिशाचा आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. किनाऱ्यावर तेव्हा निवारे मोजकेच होते. पुढे खांबांवर उभ्या असलेल्या, उतार जोडलेल्या आठशेहून अधिक पक्क्या इमारती बांधण्यात आल्या, गावोगावी स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळाले. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन वादळ आले, तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली. यातील पुष्कळ निवाऱ्यांत एरवी शाळा भरते. त्यामुळे दार गंजत नाही, रस्ता सर्वांना ठाऊक असतो. आपल्या कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक शाळांचेच पत्रे उडाले. जेथे लोकांनी आश्रय घ्यावा, तीच इमारत उघडी पडली. शाळा हा निवारा व्हायचा असेल, तर शाळेचे छत गावातील सर्वांत भक्कम हवे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा तर अभियंत्यांचा विषय झाला. एवढाच तो असता, तर मी लिहायला बसलो नसतो. इमारत भक्कम असली आणि तिचे दार काहींनाच उघडे असले, तर काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काही मदत छावण्यांत दलित कुटुंबांना घेतले गेले नाही, काही ठिकाणी त्यांना वेगळे बसविले गेले, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा नोंदी मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी घेतले, त्याला तेव्हा ७७ वर्षे उलटली होती. मुळात आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर, उतारावर, ओढ्याकाठी का असत, याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. वारा आणि पाणी जात पाहत नाहीत, असे म्हटले जाते. पण कोणाचे घर कोठे आणि कशाचे असावे, हे जातीने ठरविलेले असते आणि वारा त्या घरापर्यंत आधी पोहोचतो. आज बजाजनगरात जात उघडपणे विचारली जात नाही. तिच्या जागी भाडेकरू, परप्रांतीय, कंत्राटी असे शब्द आले आहेत. निवाऱ्याच्या दाराशी हेच शब्द उभे राहणार नाहीत, याची काळजी आपण घ्यायची आहे.

लेण्यांच्या शिलालेखांत दान 'चातुद्दिस' संघाला दिल्याचे कोरलेले असते. याचा अर्थ, चारही दिशांनी येणाऱ्या संघाला. अमुक गावच्या, अमुक गुरूच्या शिष्यांना नव्हे, तर जो भिक्खू ज्या दिशेने येईल त्याला. हा शब्द मला आपल्या शाळेच्या फाटकावर पाहायला आवडेल.

आपत्तीला दैव मानून बसण्याची वृत्ती बाबासाहेबांना मान्य नव्हती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. ओडिशातील नद्यांच्या पुरांवर विचार करण्यासाठी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पाणी फार आहे हे संकट नव्हे, ते साठवून वापरण्याची व्यवस्था नाही हे संकट, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. नदीपुढे हात जोडणाऱ्या देशाला त्यांनी धरणाचा, विजेचा आणि जलमार्गाचा एकत्रित आराखडा दाखविला. वादळाच्या बाबतीत आपला आराखडा त्या मानाने फार लहान आहे.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १४ एप्रिल ते वैशाखी पौर्णिमा हा आपल्या उत्सवांचा काळ आणि वळिवाचा, वादळी वाऱ्याचा काळ एकच आहे. आपल्याच जयंतीचे मंडप, कमानी, चौकाचौकांतील फ्लेक्स यांची बांधणी आपण किती पाहून करतो? बांबूला सुतळीने बांधलेली वीस फुटी कमान आणि तिच्याखाली बसलेली लहान मुले, हे दृश्य मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी कार्यकर्त्यांशी माझा वाद होतो. "सर, एक दिवसाचा तर प्रश्न आहे," हे उत्तर ठरलेले. वाऱ्याला पाच मिनिटे पुरतात. हवामान खात्याचा तीन तासांपुरता तात्कालिक इशारा आता मोबाइलवर मिळतो, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. मंडळातील एका तरुणाकडे एवढेच काम द्यावे. इशारा आला की मिरवणूक थांबवायची, मंडप रिकामा करायचा, ध्वनिक्षेपकाची वीज तोडायची आणि लोकांना पक्क्या इमारतीत न्यायचे. ढगांचा गडगडाट थांबल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा.

आता मागणीकडे येतो. आपल्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरील ज्या खोल्या एरवी रात्री रिकाम्या असतात, त्या वादळाच्या वेळी आसपासच्या पत्र्याच्या खोल्यांतील कुटुंबांसाठी खुल्या कराव्यात, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवला आहे. वीस बाय वीसच्या तीन खोल्या धरल्या, तर २४० माणसांची सोय होते. त्यासाठी आधी स्लॅब, खांब आणि पाया एखाद्या बांधकाम अभियंत्याकडून तपासून घ्यायला हवा. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, त्यांचा एक दिवस हवा. काचेच्या खिडक्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागतील. सायकलींच्या शेडचा पत्रा नव्याने बोल्टने आवळावा लागेल आणि कुंपणालगतच्या दोन वाळक्या झाडांच्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन छाटाव्या लागतील. गच्चीवरील टाकीही बांधून घ्यायला हवी. कोणी एक झडप द्यावी, कोणी एक दार. पितळखोऱ्याच्या स्तंभांप्रमाणे देणाऱ्याचे नाव त्यावर लिहायला माझी काहीच हरकत नाही.

राहिला किल्लीचा प्रश्न. अनेक ठिकाणी इमारत असते, इच्छाही असते आणि ऐन वेळी किल्ली असलेला माणूस गावाला गेलेला असतो. म्हणून किल्ल्या तिघांकडे असाव्यात, असे सुचविले आहे. एक वसतिगृह अधीक्षकांकडे, दुसरी रात्रीच्या पहारेकऱ्याकडे आणि तिसरी शाळेमागच्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या ताईंकडे, कारण पाळीवर गेलेल्या पुरुषांपेक्षा त्या वेळी त्याच घरी असण्याचा संभव अधिक. तिघांची नावे आणि मोबाइल क्रमांक फाटकावर मोठ्या अक्षरांत लावायचे, शेजारी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लिहायचा. पहिला सराव जयंतीच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता घेण्याचा विचार आहे. त्या दिवशी मुले गल्लीत जाऊन लोकांना बोलावून आणतील, खोलीपासून फाटकापर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजतील आणि वहीत लिहून ठेवतील. तळहात सोललेल्या त्या पालकांना मी निरोप धाडला आहे. त्यांचा मुलगा आता दहावीत आहे. सोबत पोराच्या आईलाही घेऊन येतो, असे ते म्हणाले. चहा शाळेतर्फे आहे.